आई ॲडमिट झाली, मूल कुठे गेले?



घरातली आई डेंग्यूने ॲडमिट झाली की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुलांकडे कोण आहे?" शेजारीण डबा देते, आत्या राहायला येते, ताप उतरला की मुलांना नेऊन आई दाखवून आणतात. तीच आई स्किझोफ्रेनियाने किंवा बाळंतपणानंतरच्या सायकोसिसने ॲडमिट झाली तर काय होते? मूल एका रात्रीत मामाकडे पोचते. "आई गावाला गेली" असे त्याला सांगितले जाते आणि मग महिनोन्‌महिने त्या विषयावर घरात कोणी तोंड उघडत नाही. वडील आजारी असले तरी गोष्ट साधारण अशीच.

आजचा लेख गोळ्या-औषधांवर नाही. मानसिक आजारामुळे आईबापांपासून दुरावलेल्या मुलांच्या इतिहासावर आहे. इतिहास अशासाठी, की हे लपवणे आणि मुलाला गुपचूप दूर नेणे आपल्याला कुणी वेगळे शिकवलेले नाही. शंभराहून अधिक वर्षांच्या कायद्यांतून आणि संस्थांतून ते आपल्या घरात मुरले आहे. कायदा आता बदलला. घरे अजून बदलायची आहेत.

ठाण्याच्या भिंती

मुलुंडनंतरचे स्टेशन ठाणे. मुंबईत "याला ठाण्याला पाठवा" या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ते मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते ओळखले जाई. त्याआधी मुंबईतल्या मनोरुग्णांना कुलाब्याच्या 'ल्युनॅटिक असायलम'मध्ये ठेवत. शहर वाढले, कुलाब्याची जागा अपुरी पडली आणि रुग्ण शहराबाहेर गेले. तेव्हाचे ठाणे म्हणजे मुंबईकरांसाठी खरोखरच बाहेरगाव होते.

१९१२ साली 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' आला. भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी कसे पकडायचे, मॅजिस्ट्रेटने कोणता हुकूम द्यायचा, रुग्णाची मालमत्ता कोणी सांभाळायची, या सगळ्याची कलमे त्यात आहेत. मालमत्तेची तर अगदी बारकाईने सोय केलेली आहे. पण रुग्ण बाई असेल आणि तिच्या कडेवर तान्हे मूल असेल, तर त्या मुलाने तिला कधी आणि कसे भेटायचे, हा प्रश्न त्या कायद्याने स्वतःला विचारलाच नाही. हा कायदा आपल्याकडे १९९३ पर्यंत चालला. १९८७ चा नवा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात त्या वर्षी लागू झाला.

मधल्या काळात घरगुती कायद्यांनीही तोच सूर लावला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात वडिलांना मूल दत्तक द्यायचे असेल तर आईची संमती लागते. पण न्यायालयाने आईला 'अनसाउंड माइंड' ठरवले असेल तर तिची संमती लागत नाही. म्हणजे कागदावर एक शिक्का बसला की मुलाविषयी बोलण्याचा तिचा हक्कच संपला. वर्षभराने ती बरी झाली तर पुढे काय, याचा विचार त्या ओळीत नव्हता.

डोंगरी आणि मानखुर्दच्या भिंती

आता दुसऱ्या बाजूला पाहू. मुलांसाठी मुंबई इलाख्यात १९२४ साली 'बॉम्बे चिल्ड्रन ॲक्ट' झाला आणि १९२७ साली 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह आणि मानखुर्दचे बालगृह ही याच सोसायटीची. डोंगरीची वास्तू म्हणजे जुना तुरुंग. टिळक आणि आगरकरांनी १८८२ साली जिथे १०१ दिवस काढले तोच हा तुरुंग. निराधार मुलांना ठेवायला जुना तुरुंग निवडला गेला, यावरून त्या काळी अशा मुलांकडे कसे पाहिले जाई याची कल्पना येते.

उपनगरांत मिशनच्या संस्थाही होत्या. अंधेरीच्या सेंट कॅथरीन्स होममधल्या मुलींसाठी जर्मनीतल्या बॉन शहरात रोझी गोलमन नावाच्या शिक्षिकेने मदत गोळा करायला सुरुवात केली आणि १९६७ साली तिथे 'अंधेरी-हिल्फे' ही संस्था उभी राहिली. हिल्फे म्हणजे मदत. एका जर्मन संस्थेच्या नावात आपले अंधेरी आजही आहे.

अशा संस्थांना आपण सरसकट अनाथाश्रम म्हणतो. पण जगभरचा अनुभव असा, की तिथल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असतो. गरिबी, दारू, तुरुंग आणि आजार ही मूल तिथे येण्याची कारणे असतात. मानसिक आजार त्यातलाच एक.

आता गंमत पाहा, तिला गंमत म्हणणेही बरोबर नाही. आई ठाण्याला गेली की तिची फाईल आरोग्य खात्यात उघडते. मूल मानखुर्दला गेले की त्याची फाईल महिला व बालविकासाकडे. एका फाईलवर रुग्ण, दुसरीवर निराधार बालक. ही दोघे एकमेकांची कोण लागतात, हे दोन्ही फायली शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि त्या शेजारी ठेवण्याचे काम कुणाचेच नव्हते.

आपले जुने फॉस्टर केअर म्हणजे आजोळ

फॉस्टर केअर, म्हणजे प्रतिपालन. आईबाप हयात असताना, पण सांभाळू शकत नसताना, मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात वाढणे. दत्तकात मूल कायमचे दुसऱ्या घरचे होते. प्रतिपालनात ते परत येण्याची वाट खुली असते.

आपल्याकडे हा शब्द नवा असला तरी पद्धत जुनी आहे. तिचे नाव आजोळ. आई आजारी पडली की मूल आजीकडे, मामाकडे, मावशीकडे जाई. गिरगाव-परळच्या चाळीत तर शेजारच्या खोलीतही वाढे. मानखुर्दला न गेलेली असंख्य मुले अशीच मोठी झाली. या आजी-मावश्यांचे उपकार मोठे आहेत. पण इथेही दोन गोष्टी राहून जात. मुलाला कुणी खरे सांगत नसे आणि आईकडे कुणी नेत नसे. "तिचे नाव काढू नकोस, आजीला त्रास होतो" हे वाक्य ऐकत वाढलेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. बीपी-शुगर दाखवायला येतात आणि घरात कुणाला कुठला आजार होता असे विचारले की "आईला काहीतरी मानसिक होते" यापुढे त्यांना काहीच माहीत नसते.

चाळी गेल्या. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये वन बीएचके आले. मामा पुण्यात, मावशी बंगळुरूला, आजी स्वतःच गुडघ्यांनी बेजार. आजोळ नावाची संस्था आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. म्हणून सरकारी प्रतिपालनाचा विचार आपल्यालाही करावा लागतो.

दुरावलेल्या मुलांचे पुढे काय झाले?

या प्रश्नाची काही उत्तरे परदेशातून मिळाली. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या मनोरुग्णालयात स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांची बाळे जन्मानंतर तीन दिवसांच्या आत आईपासून दूर केली जात. ती अनाथालयांत किंवा दुसऱ्या कुटुंबांत वाढत. १९१५ ते १९४५ या काळात जन्मलेल्या अशा ४७ मुलांचा लिओनार्ड हेस्टन या डॉक्टरने मोठेपणी शोध घेतला आणि १९६६ साली निष्कर्ष छापले. ४७ पैकी ५ जणांना स्किझोफ्रेनिया झाला होता. मानसिक आजार नसलेल्या आयांच्या, पण तशाच दुरावलेल्या ५० मुलांपैकी एकालाही झाला नव्हता.

आजार अंशतः आनुवंशिक आहे हे त्यातून दिसले. पण दुसरी बाजू लोक विसरतात. ४७ पैकी ४२ जणांना स्किझोफ्रेनिया झाला नाही. काहींना इतर मानसिक त्रास झाले, पण बरेच जण उत्तम संसार आणि कामधंदा करत होते. आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण १०० त १० धरतात. एरवी ती १०० त १ असते. धोका वाढतो हे खरे, पण बहुतेक मुले या आजारापासून वाचतात हेही तितकेच खरे.

फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी पुढचा प्रश्न विचारला. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची जी मुले दत्तक गेली, त्यांच्या नव्या घराचा काय परिणाम झाला? उत्तर असे आले, की आनुवंशिक धोका असलेली मुले भांडणतंट्याच्या, विस्कळीत घरात वाढली तर आजार जास्त दिसला. मोकळेपणाने बोलणाऱ्या, स्थिर घरात वाढली तर धोका बराच कमी झाला. ज्यांच्यात आनुवंशिक धोका नव्हता, त्यांच्यात घराच्या वातावरणाने एवढा फरक पडला नाही. म्हणजे ज्या मुलाला चांगल्या घराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच वाईट घराचा सर्वांत जास्त तोटा.

मग संस्था की कुटुंब? रुमानियात बुखारेस्ट शहरातल्या सहा संस्थांमधल्या १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास २००० च्या सुमारास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत दिली गेली. त्यांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जुळणारे नाते, तिन्ही सुधारले. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. बालगृहातली बाई कितीही मायाळू असली तरी तिची ड्युटी संपते, सुट्टी येते, बदली होते. मेंदूला मात्र रोज तोच चेहरा हवा असतो.

आणि आईशी नाते? चार्ली चॅप्लिन आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याची आई हॅना हिला १८९८ साली केन हिलच्या मनोरुग्णालयात नेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याआधी सात वर्षांचा असताना तो गरिबीमुळे वर्कहाउस आणि हॅनवेलच्या निवासी शाळेत राहून आला होता. १९०३ साली, चौदाव्या वर्षी, आई पुन्हा आजारी पडली तेव्हा तिला दवाखान्यात घेऊन जाणारा तोच होता. पुढे १९२१ मध्ये त्याने आईला कॅलिफोर्नियात आणले आणि १९२८ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत तिची देखभाल केली. ती पूर्ण बरी झाली नाही. तरी ती त्याची आई राहिली.

दरवाजा उघडणारे डॉक्टर

आपल्याच देशात काही डॉक्टरांनी हे फार लवकर ओळखले. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाईकांना रुग्णासोबत राहू दिले. कर्मचारी कमी होते, रुग्ण जास्त. पण त्या तंबूंमुळे घरच्यांना आजार समजला आणि रुग्ण घरी परतू लागले. १९५७ पासून वेल्लोरलाही कुटुंबासह राहण्याची पद्धत आली. बंगळुरूच्या निमहान्समध्ये २००९ साली आजारी आई आणि तिचे बाळ एकत्र ठेवण्याचा खास कक्ष सुरू झाला.

तान्ह्या बाळाच्या आईसाठी हे का महत्त्वाचे ते सांगतो. बाळंतपणानंतरचा सायकोसिस दर हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. आई झोपत नाही, भ्रम होतात, बाळाला धोकाही होऊ शकतो. ही तातडीची अवस्था आहे, दवाखान्यात न्यायलाच हवे. पण उपचार मिळाले तर बहुतेक जणी काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बऱ्या होतात. अशा आईचे बाळ घाईने कायमचे दुसरीकडे देणे म्हणजे पाय मोडला म्हणून तो कापून टाकण्यासारखे आहे.

२०१७ चा कायदा

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. तो घडवण्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा आहे. त्यातले कलम २१ मुळातून समजून घ्या.

तीन वर्षांखालील मूल असलेली स्त्री मनोरुग्णालयात असेल तर मूल शक्यतो तिच्यापासून तोडायचे नाही. तिच्या आजारामुळे मुलाला धोका आहे असे डॉक्टरांचे मत असेल तर तात्पुरते दूर ठेवायचे. त्या काळातही देखरेखीखाली तिला मूल भेटले पाहिजे. दर १५ दिवसांनी या निर्णयाचा फेरविचार करायचा. सलग ३० दिवसांपेक्षा जास्त दुरावा ठेवायचा असेल तर प्राधिकरणाची मंजुरी हवी. कलम ३ असेही म्हणते, की मानसिक आजार आहे एवढ्यावरून ती व्यक्ती 'अनसाउंड माइंड' ठरत नाही. ते न्यायालयाने ठरवावे लागते.

मुलांच्या बाजूचा २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो, की संस्था हा शेवटचा पर्याय. प्रतिपालक कुटुंबात मूल असेल तर त्याच्या खऱ्या आईवडिलांना, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर, ठरावीक काळाने भेटता येते. ते सांभाळायला समर्थ झाले की मूल परत येऊ शकते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आता तिला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे. पालकांच्या गंभीर आजारामुळे अडचणीत आलेल्या मुलाला कुटुंबातच वाढवण्यासाठी तिच्यातून मदत मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. नातवाला सांभाळणाऱ्या अनेक आज्यांना ही योजना ठाऊकच नसते.

वाचकहो, ठाण्याची फाईल आणि मानखुर्दची फाईल कागदावर तरी आता एकमेकींना ओळखू लागल्या आहेत. प्रत्यक्षात वाट लांब आहे. राज्यातल्या मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षे, काही जण तर दहा वर्षांहून जास्त, पडून राहिलेल्या रुग्णांसाठी मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना उच्च न्यायालयात जावे लागले. दुसरीकडे १९८८ साली डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी सुरू केलेल्या 'श्रद्धा' संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवले. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी परतणाऱ्यांत कित्येक जणी आया असतात. दारात उभी असलेली बाई आपली आई आहे हे मुलाला कळायचे असेल, तर मधल्या वर्षांत कुणीतरी तिच्याविषयी त्याच्याशी बोललेले असले पाहिजे.

तुमच्या घरासाठी

समजा, घाटकोपरच्या एका घरात आई ॲडमिट झाली आणि सात वर्षांचा मुलगा मावशीकडे मुलुंडला आला. मावशीने काय करावे?

१. खरे सांगा, सोप्या शब्दांत. "आईच्या विचारांना आजार झालाय. डॉक्टर औषध देताहेत. वेळ लागेल." या वयाच्या मुलाला वाटते की आपण हट्ट केला म्हणून आई गेली. म्हणून "हे तुझ्यामुळे झालेले नाही" हे वाक्य एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणा.

२. एकच माणूस ठरवा. आठ दिवस मावशी, मग काका, मग आत्या असे करू नका. शक्यतो शाळा तीच ठेवा. भावंडांची ताटातूट टाळा.

३. कायद्यातला १५ दिवसांचा नियम घरातही लावा. दर १५ दिवसांनी मोठ्यांनी बसून विचारायचे, मूल अजून दूर ठेवण्याची गरज आहे का? भेट शक्य आहे का? डॉक्टरांनाही हेच विचारा. प्रत्यक्ष भेट जमत नसेल तर फोन, चित्र, चिठ्ठी.

४. धोका खरा असेल तर तो नाकारू नका. आई मुलाला मारेल, स्वतःला इजा करेल अशी चिन्हे असतील तर मूल दूर ठेवणे योग्यच आहे. त्याचा अपराधीपणा बाळगू नका. पण दूर ठेवणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे.

५. आईविषयी घरात वाईट बोलू नका. मुलाला माहीत असते की तो अर्धा तिचा आहे.

नातेवाईक नसतील तर बालकल्याण समितीकडे जा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. ती १९९६ साली याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. मानसिक आजाराविषयी सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

आणि तुम्ही स्वतःच असे दुरावलेले मूल असाल, आता मोठे झालेले, तर घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला आईच्या आजाराबद्दल विचारा. तिला काय झाले होते, कुठे ठेवले होते, कोणते औषध चालू होते. तुमच्या डॉक्टरला ती माहिती उपयोगी पडेलच. तुमच्या मुलांना आजीविषयी सांगायलाही तुमच्याकडे काहीतरी असेल.

काळजी घ्या. अशी वेळ आलेले एखादे घर ओळखीत असेल तर हा लेख त्यांना जरूर वाचायला द्या.